न उमटलेली चांदणी

मित्रांनो, मी एक जुना हृदयतपासनीस आहे. नाव ऐकून दबकू नका. मी डॉक्टर नाही, माणूसही नाही. चार चाके, एक पडदा, पुष्कळ बटणे आणि दोन लांब वायरी असलेले मी एक यंत्र आहे. दवाखान्यात मला 'इको' म्हणतात. आपली हकिगत सांगावी एवढे माझे आयुष्य मोठे आहे का, याची मला खात्री नाही. यंत्राने फार बोलू नये, असेही मला वाटते. पण एक गोष्ट कितीतरी वर्षे माझ्या पोटात आहे. ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचे नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथे सगळे जण डोक्याला टोप्या आणि पायांत कापडी पिशव्या घालून काम करीत. धुळीचा कण दिसला तरी मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडत. माझ्या पोटात तारा भरल्या, पाठीला पंखा बसवला, आणि शेवटी एका कामगार बाईने माझ्या वायरीच्या टोकाचा गुळगुळीत ठोकळा स्वतःच्या छातीला लावून पाहिला. त्या ठोकळ्याला प्रोब म्हणतात. माझ्या पडद्यावर आयुष्यातले पहिले हृदय हलू लागले. ती शेजारणीला म्हणाली, "बघ, मला हृदय आहे. नवरा उगाचच 'नाही' म्हणतो."

तुम्ही कधी खोल विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली आहे का? हाक खाली जाते, पाण्यावर आपटते आणि परत वर येते. मीही तेच करतो. माझी हाक इतकी बारीक असते की ती कुत्र्यालाही ऐकू येत नाही. ती छातीतून आत जाते, हृदयाच्या भिंतींना आणि झडपांना लागून परत येते, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून मी आतले चित्र काढतो. सुई नाही, चिरफाड नाही, दुखणे नाही. फक्त थोडी गार जेली छातीला लावावी लागते. तेवढ्यानेही काही मोठी माणसे पाय झाडतात.

मला एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत ठेवले. एक पलंग, एक फिरते स्टूल, भिंतीला टेकलेला हात पुसायच्या कागदांचा गठ्ठा. तिथे मला चालवणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्या चष्म्याला दोरी होती आणि उजवा खांदा कायम दुखायचा, कारण दिवसभर प्रोब दाबून धरायचा म्हणजे खांदा भरून येतो. सकाळी आल्या की त्या आधी मला पुसत, मग स्वतःचा चष्मा पुसत. "चल बाबा, लाग कामाला," म्हणत. मला ते आवडायचे.

आमच्याकडे येणारी माणसे बहुतेक मोठी असत. कुणी धापा टाकीत येई, कुणी बायकोच्या धाकाने येई. एक गाडीवाला पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "बाई, माझ्या हृदयात कोण कोण राहतं ते जरा बघून सांगा." बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "चारही खोल्या रिकाम्या दिसतायत. भाडेकरू ठेवा." तो इतका हसला की माझे चित्र बिघडले आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले.

आता माझ्या दोन सवयी तुम्हाला सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे.

पहिली सवय चांदणीची. मोजलेले आकडे मी कागदावर छापून देतो. प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो किती असला म्हणजे ठीक, तेही छापतो. एखादा आकडा त्या हद्दीच्या बाहेर गेला की त्याच्या पुढे छोटी चांदणी उमटते. सही करणारे मोठे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी येत. गठ्ठ्यातला एकेक कागद ते उजेडात धरत, चांदणी शोधत. चांदणी असली तर चित्रे मागवीत. नसली तर सही ठोकत. "हा आणि बाई म्हणजे माझे दोन डोळे," असे ते लोकांना सांगत. मी फुशारून जायचो.

दुसरी सवय टक-टकची. तपासणी सुरू करताना मी एक रकाना दाखवतो : वजन. तो भरायचा असतो, कारण हृदयाचे माप अंगाच्या मापावर ठरते. पण तो रिकामा ठेवून पुढचे बटण दोनदा दाबले तर मी अडवीत नाही. समोर पूर्ण वाढलेला माणूस आहे असे धरतो आणि पुढे जातो. हे मला कारखान्यातच शिकवले असणार. मोठ्या माणसांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नसे. दिवसाला वीस-बावीस माणसे, बाहेर बाकावर खोकणारी रांग, आणि वजनकाटा खालच्या मजल्यावर. बाईंची बोटे आपोआप चालत. टक-टक. मीही आपोआप मान डोलवी.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक तरुण आई तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. कागदावर लिहिले होते, 'दूध पिताना दमते. सारखा कफ. हृदय पाहावे.' दारावर 'रुग्णाबरोबर एकालाच प्रवेश' अशी पाटी होती, म्हणून तिच्याबरोबर आलेली नणंद बाहेर बाकावर बसली.

बाळे माझ्याकडे क्वचितच येत. आली की खोली डोक्यावर घेत, वायरी ओढत, जेलीचा हात तोंडात घालत. या मुलीने काहीच केले नाही. पलंगावर जशी ठेवली तशी ती राहिली. हात दोन्हीकडे पसरलेले, गुडघे बाहेर पडलेले, धुऊन पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी. जिभेचे टोक ओठांच्या बाहेर. डोळे मात्र लख्ख. ती माझ्या पडद्याचा उजेड टक लावून पाहत होती.

"किती गुणी बाळ आहे हो," बाई म्हणाल्या.

"सगळे तेच म्हणतात," आई म्हणाली. "त्रास म्हणून देतच नाही. शेजारच्या काकू म्हणतात, असली मुलगी असेल तर मी आणखी चार वाढवीन."

दोघी हसल्या. मित्रांनो, त्या मुलीचा शांतपणा सगळ्यांना आवडला होता. तिच्या अंगात रडायचेसुद्धा बळ नाही, हे कुणाच्या मनात आले नाही. माझ्या मनात आले होते असेही मी म्हणणार नाही. मला मन आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही.

टक-टक. बाईंनी छोटा प्रोब तिच्या छातीवर ठेवला. तिच्या हृदयाच्या भिंती जाड होत्या, आणि रक्त भरायची मधली जागा चिंचोळी झाली होती. उशा कोंबून भरलेल्या खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरू नये, तसे. बाईंची भुवई वर गेली. "भरलेल्या दिसतात जरा," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी रेघ ओढून भिंत मोजली. नऊ मिलिमीटर.

एवढ्या लहान बाळाची ती भिंत चारच्या आसपास असते. मोठ्या माणसाची अकरापर्यंत चालते. मी मोठा माणूस धरला होता. नऊ हे अकरापेक्षा कमी. माझ्या पोटातून कागद सुरसुरत बाहेर आला, आणि नऊच्या पुढे चांदणी उमटली नाही.

बाईंनी तो कागद पाहिला. मग पडद्याकडे पाहिले. मग पुन्हा कागदाकडे. त्यांच्या डोळ्यांना काहीतरी दिसले होते, पण छापील अक्षरापुढे माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटे पाडतो. त्यांची भुवई खाली आली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. आईने मुलीच्या छातीवरची जेली पदराने पुसली, कारण हात पुसायचा कागद खरखरीत होता. जाताना ती मलाही "थँक्यू" म्हणाली. मला असे कुणी म्हणत नसे.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी सही केली. शेरा : 'हृदय सामान्य.'

चार महिन्यांनी झाडलोट करणाऱ्या मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "ती शांत मुलगी आठवते का बाई, जीभ बाहेर काढून बघायची? गेली हो. छातीत कफ भरला म्हणे."

बाईंनी हातातला प्रोब पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "अरेरे. हृदय तर चांगलं होतं बिचारीचं."

आणि सांगायला लाज वाटते, पण ते वाक्य ऐकून मला बरे वाटले होते. आपल्याकडून तरी काही राहिले नाही, असे.

त्यानंतर अडीच वर्षे गेली. माझे एक चाक कुरकुरू लागले. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडला. खालच्या मजल्यावर एक नवे, चकचकीत यंत्र आले आणि मोठी माणसे तिकडे जाऊ लागली. माझे काय करायचे, अशी चर्चा माझ्यासमोरच झाली. "मुलांच्या वॉर्डात द्या ढकलून," मोठे डॉक्टर म्हणाले. "मुलांना काय, जुना चालेल." मला ढकलत वरच्या मजल्यावर नेले. आठवड्यातून तीन दिवस बाई माझ्यामागे वर येत. मला वाईट वाटले ते अपमानाचे. त्या वाक्यात अपमानापेक्षा मोठे काहीतरी चुकले आहे, हे मला नंतर कळले.

वर येऊन आठवडाही झाला नसेल. एक दिवस दोन बायका आत आल्या. पुढे एक पन्नाशीची, बांधेसूद बाई. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती, पदराला दोन टाचण्या खोचलेल्या. दुकानातून उठून आलेली शिवणकाम करणारी बाई कुणीही ओळखावी. मागे एक तरुण आई, हातात सहा आठवड्यांचा मुलगा. आईला मी ओळखले. बाईंनी ओळखले नाही.

"एकालाच आत," बाई सवयीने म्हणाल्या.

"मागच्या वेळी मी बाहेरच बसले होते," शिवणवाली म्हणाली. "या वेळी नाही बसणार. मी याची आत्या आहे. हिच्याकडून विचारणं होत नाही, म्हणून मी आलेय."

तिने स्टूल स्वतःकडे ओढले. आई पलंगाच्या कडेला टेकली. तिने बाळाला खाली ठेवले, आणि ते जसे ठेवले तसे राहिले. हात दोन्हीकडे. गुडघे बाहेर.

"गुणी आहे हो," बाई म्हणाल्या.

आईने मान वर करून बाईंकडे पाहिले. त्या पाहण्याने बाईंच्या हातातली जेलीची बाटली थांबली.

टक-टक. मित्रांनो, तरीही टक-टक झालेच. बोटांना डोळे नसतात.

भिंत आठ मिलिमीटर. कागद बाहेर आला. चांदणी नाही. "ठीक दिसतंय," बाई म्हणाल्या.

आत्याने पिशवीतून प्लास्टिकची एक जाड घडी काढली. तीत एक जुना कागद होता, कडांना पिवळा पडलेला. तिने तो नव्या कागदाच्या शेजारी पलंगावर पसरला, अगदी कापड बेतायला पसरावे तसा, सुरकुती काढून.

"हा याच्या बहिणीचा. तिचंही ठीकच होतं. सातव्या महिन्यात गेली ती." तिने मोजपट्टीचे टोक नऊवर ठेवले. "हा नऊ आहे. आणि शेजारी छापलंय, अकरापर्यंत चालेल. हा अकरा कुणाच्या मापाचा?"

"म्हणजे?" बाई म्हणाल्या. "माणसाच्या."

"केवढ्या माणसाच्या?"

बाईंनी कागद जवळ ओढला.

"रागावू नका. मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण मी तीस वर्षं कपडे शिवते. बापाच्या सदऱ्याचं माप घेऊन झबलं बेतलं तर मला गिऱ्हाईक चपलेनं मारेल. तुम्ही याचं वजनसुद्धा विचारलं नाहीत. हिला मी विचारलं, थोरलीचं विचारलं होतं का. ही म्हणते, नव्हतं."

"वन्सं, जाऊ द्या," आई हळूच म्हणाली.

"का जाऊ द्या? एकदा जाऊ दिलं."

बाईंचे कान लाल झाले. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला शिवणवालीने शिकवावे, हे कुणालाही झोंबेल. मला वाटले, आता या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो पदराने पुसला आणि विचारले, "वजन किती आहे याचं?"

आत्याने त्याच घडीतून लसीचे कार्ड काढले. "कालच केलंय. चार किलो शंभर."

बाई मागे गेल्या, रकान्यावर आल्या आणि एकेक आकडा दाबून लिहिला. मग पुढचे बटण दाबले. एकदाच.

मी पुन्हा छापू लागलो. डाव्या भिंतीपुढे चांदणी. हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्यापुढे चांदणी. खालच्या ओळीत चांदणी. मला स्वतःला थांबवता येईना. एका कागदावर एवढ्या चांदण्या मी आयुष्यात कधी काढल्या नव्हत्या.

"बहिणीचं कार्ड आहे?" बाईंनी विचारले.

तेही होते. तिथेच, त्याच घडीत. पहिल्या वेळी ते आईच्या पिशवीत होते, या पलंगापासून हातभर अंतरावर. बाईंनी त्यावरचे तीन महिन्यांचे वजन वाचले, मला सांगितले आणि जुना आकडा घातला. नऊ. मी चांदणी काढली. जवळजवळ तीन वर्षे उशिरा.

बाई उठल्या आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणले. त्या वयाने लहान होत्या, केस घाईत बांधलेले. त्यांनी पडदा पाहिला, मग बाळाकडे वळल्या. त्याचे दोन्ही हात धरून त्याला हळूच वर ओढले. अंग वर आले. डोके मागेच लोंबत राहिले. त्यांनी जिभेचे टोक पाहिले, पोटरी बोटांनी चाचपली. मग दोन्ही कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"हा जुना रिपोर्ट कुणी काढला?"

"मी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारले नाही. त्या खाली, आईच्या समोर उकिडव्या बसल्या. "ऐका. अजून पक्कं नाही, रक्त तपासावं लागेल. पण दोघा भावंडांचं हृदय असं जाड आणि अंग असं सैल म्हटल्यावर एक आजार मनात येतो. पॉम्पे म्हणतात त्याला. शरीर स्नायूंमध्ये साखरेचा साठा करतं. लागेल तेव्हा तो फोडायला एक द्रव्य असतं. या मुलांत ते द्रव्य तयारच होत नाही. मग साठा साचत जातो, साचत जातो. हृदय हाही स्नायूच. ते फुगतं, हातपाय ढिले पडतात, छातीतला कफ बाहेर टाकायला जोर उरत नाही."

"आमच्या घरात कुणाला नाही असं काही," आत्या म्हणाली.

"नसणारच. आईकडून एक खोट येते, वडिलांकडून एक. एकेकटी खोट काही करत नाही. दोन्ही एकाच बाळात आल्या तरच. यात कुणाचं खाणंपिणं, वागणं, काही नाही."

"औषध?" आत्याने विचारले.

"आहे. जे द्रव्य कमी आहे ते शिरेतून द्यायचं, दर दोन आठवड्यांनी, जन्मभर. लवकर सुरू झालं तर हृदय पुष्कळदा सावरतं. हातापायांचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. पण एकेक दिवस मोलाचा आहे."

आई इतका वेळ बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली होती. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले नाही. तिने बाईंकडे पाहिले.

"म्हणजे तिचंही कळलं असतं?"

मित्रांनो, या प्रश्नाला बगल द्यायच्या पुष्कळ वाटा होत्या. यंत्र जुने होते. वजनकाटा खाली होता. सही दुसऱ्याची होती. आणि हे सगळे खरेही होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, माझ्यावर ढकला. मला काय, मी लोखंड.

"हो," बाई म्हणाल्या. "आकडा तेव्हाही हाच होता. डोळ्यांना दिसलंही होतं. मी माप चुकीचं लावलं आणि कागदावर विश्वास ठेवला."

आईने मान हलवली, जणू कुणी तिला पत्ता सांगितला होता. तिने बाळाला उचलले, डोक्यामागे नीट हात दिला आणि रक्त द्यायला निघून गेली. आत्याने दोन्ही कागद पुन्हा घडीत ठेवले. दारात थांबून ती म्हणाली, "खरं बोललात. त्यानं ती परत येत नाही. पण बोललात."

बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जाड कागदावर वाळवले आणि लांबच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तराला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पुसत मात्र होत्या. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "तेच निघालं." औषध सहज मिळणारे नव्हते; अर्ज झाले, फोन झाले, आत्या दुकान बंद ठेवून कुठल्या कुठल्या खोल्यांबाहेर बसून राहिली. पंधराव्या दिवशी पहिली बाटली त्याच्या पायाच्या शिरेतून थेंब थेंब आत गेली.

दरम्यान बाईंनी आणखी एक काम काढले. दुपारच्या सुट्टीत, डबा न उघडता, त्या माझ्या पोटातल्या जुन्या नोंदी उपसू लागल्या. मी तपासलेली सगळी बाळे. एक्केचाळीस. प्रत्येकाचे वजन कुठून कुठून शोधून काढायचे, घालायचे, आणि कागदाकडे बघायचे.

मोठे डॉक्टर एकदा वर आले. "हे उकरून काय मिळणार आहे, बाई? झालं ते झालं. दोष काही एकट्या तुमचा नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुमचाही आहे. म्हणून चांदण्या लागलेले तुमच्या टेबलावर ठेवलेत."

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले, आणि चष्मा लावून चित्रे पाहू लागले. सोमवार नव्हता आणि गुरुवारही नव्हता.

आणखी तीन निघाले. दोन मुलांना बोलावून पुन्हा तपासले. त्यांच्या आयांना गरोदरपणी मधुमेह होता. अशा बाळांचे हृदय काही काळ जाड असते आणि आपोआप निवळते, तसे त्यांचे निवळले होते. त्यांतला एक तर जाताना माझे बटण उपटून घेऊन गेला. तिसऱ्या घरचा फोन लागला नाही. पत्त्यावर पत्र टाकले, ते परत आले. त्या बाळाचा कागद अजून माझ्या कप्प्यात आहे. बाई अधूनमधून तो नंबर फिरवून बघत.

माझ्या पुढच्या बटणावर त्यांनी एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिले, 'वजन?' पट्टी मळली की त्या नवी लावीत. येणारे-जाणारे हसत. एवढे मोठे यंत्र, आणि त्याला शाळेतल्या पोरासारखी चिठ्ठी. मला मात्र ते बरे वाटे. मला शिकवलेली एक चुकीची गोष्ट कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवून थांबवली होती.

तो मुलगा दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येई. आठ. पुढच्या वेळी सात. मग सहा. मध्ये एकदा तापाने फार आजारी पडला, तेव्हा आकडा पुन्हा वर गेला आणि बाईंनी तो दोनदा, तीनदा मोजला. आई नेमाने येई, पण बाईंशी गरजेपुरतेच बोले. 'जेली गार आहे', 'कूस बदलू का', एवढेच. बाईंनीही कधी जास्त अपेक्षा केली नाही. बोलायचे काम आत्या करी. "वजन विचारलं का यांनी?" असे ती दारातूनच ओरडे, आणि बाई तिला कार्ड वाचायला लावीत.

तो सव्वा वर्षाचा झाला. पाय अजून उभे राहायला तयार नव्हते. ते कधी होतील, होतील की नाही, हे कुणी सांगत नव्हते. पण त्या दिवशी पलंगावर ठेवल्याबरोबर तो किंचाळला. प्रोब ढकलला, वायर धरून ओढली, जेलीचा हात बाईंच्या चष्म्याला पुसला. बाईंना घाम फुटला. मोजायला पाऊण तास लागला. एवढे वाईट चित्र मी जन्मात काढले नव्हते, आणि एवढे आवडीचेही.

कागद सुरसुरत बाहेर आला. बाईंनी तो वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मग आईपुढे धरला.

"चांदणी नाही," त्या म्हणाल्या.

आईने कागद हातात घेतला नाही. तिने मुलाच्या डोक्यावरून, माझ्या पडद्यावरून नजर फिरवली आणि ती त्या मळक्या चिकटपट्टीवर नेली.

"वजन घातलंत?"

"घातलं. आठ किलो दोनशे. तुमच्यासमोर."

"दाखवा."

बाईंनी मागचे पान उघडून रकाना दाखवला. आईने त्यातला आकडा कार्डावरच्या आकड्याशी बोट ठेवून ताडून पाहिला. मगच तिने तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. खाली ठेवताना तो एका पिवळ्या पडलेल्या कागदावर बसला, हे मला दिसले.

मित्रांनो, बाई आता निवृत्त झाल्या. मला कोठाराच्या खोलीत ठेवले आहे, मोडक्या सलाईनच्या स्टँडांच्या शेजारी. पुढच्या महिन्यात माझे भाग सुटे करतील. मला पुसून ठेवा, जपा, असे मागणे मागायला माझे तोंड नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्या यंत्रापुढे बसेल. ते माझ्यापेक्षा हुशार असेल, आणि त्याचा कागद माझ्यापेक्षा गुळगुळीत. त्याने काहीही छापले, तरी आधी विचारा की हे माप कुणाचे आहे. एखादे बाळ फारच शांत असेल तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याला हळूच हात धरून वर उचलून बघा. आणि रिकामा रकाना दिसला की तो भरा. तो आकडा बहुतेक वेळा आईच्या पिशवीतच असतो. कुणी विचारायचाच तेवढा राहिलेला असतो.

माझ्या कप्प्यात तो तिसऱ्या बाळाचा कागद आहे. मला सुटे करायला येणाऱ्या माणसाने तो फेकू नये. त्यावर एक चांदणी आहे, आणि खाली एक फोन नंबर.